कुत्र्यासोबत प्रवास आणि रानावनातील भटकंती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याला घेऊन पहिल्यांदाच दूरवर निघालेले बहुतेक जण आधी सामानाची यादी मागतात. यादी पुढे आहेच. मात्र खालील बरीचशी उत्तरे एका साध्या वस्तुस्थितीवर उभी आहेत. थकलेला माणूस बसतो, कुरकुरतो, परत फिरू म्हणतो. कुत्रा मात्र मालक चालतो आहे तोवर चालत राहतो आणि त्याची दमछाक डोळ्यांना दिसू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून किती चालायचे, कुठे थांबायचे आणि केव्हा माघारी वळायचे, हे सारे निर्णय त्याच्या वतीने आपल्यालाच घ्यावे लागतात.

पिल्लाला कोणत्या वयापासून लांब नेता येते?

प्राथमिक लसीकरण साधारण १६ आठवड्यांच्या सुमारास पूर्ण होते आणि त्यानंतर पशुवैद्यांच्या सल्ल्याने छोट्या फेऱ्या सुरू करता येतात. खरा अडसर हाडांचा असतो. लांब हाडांच्या टोकांशी असलेले वाढीचे कूर्चायुक्त भाग लहान जातींत वर्षभरात, तर मोठ्या जातींत दीड वर्षाच्या आसपास पूर्णपणे भरून येतात. तोपर्यंत दिवसभराची चाल, उंच दगडांवरून मारलेल्या उड्या आणि पाठीवरचे ओझे टाळावे. पिल्लू उत्साहाने धावते आहे, याचा अर्थ त्याच्या सांध्यांना ते झेपते आहे असा होत नाही.

माझा कुत्रा लांबच्या चालीला योग्य आहे, हे कसे ओळखावे?

जात, वय, वजन आणि रोजची सवय या चार गोष्टी एकत्र पाहाव्यात. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वसनमार्ग अरुंद असल्याने त्यांना उन्हातली चढण धोक्याची ठरते. लांब पाठीच्या आणि आखूड पायांच्या डॅक्सहुंडला उंच पायऱ्या व उड्या नकोत. दाट दुहेरी केसांचा हस्की थंडीत अथक चालेल, उकाड्यात मात्र लवकर तापेल. वजन जास्त असलेल्या कुत्र्याचे वजन आधी कमी करावे, डोंगर नंतर पाहावा.

रोज अर्धा तास फिरणाऱ्या कुत्र्याला सुट्टीच्या दिवशी एकदम सहा तास चालवणे, ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. चालीचा वेळ आठवड्यागणिक थोडाथोडा वाढवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कसा उठतो, याकडे लक्ष द्यावे. उठताना मागचे पाय ताठरलेले वाटले, जिना चढताना तो थबकला किंवा तळवे सतत चाटू लागला, तर आदल्या दिवशीचे अंतर त्याला जास्त झाले होते. मोकळा सोडलेला कुत्रा मागेपुढे धावून आपल्यापेक्षा कितीतरी अधिक अंतर कापतो, हेही हिशेबात धरावे.

उन्हाचा त्रास होऊ लागला आहे, हे कसे कळते आणि त्या वेळी काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर निघण्यापूर्वीच पाठ असावे, कारण वेळ आल्यावर वाचत बसायला उसंत मिळत नाही. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे मुळातच आपल्यापेक्षा जास्त. त्याला घाम येतो तो जवळपास केवळ पंजांच्या तळव्यांना, आणि त्याने शरीर थंड होण्यास फारशी मदत होत नाही. त्याचा सारा भरवसा धाप लागण्यावर असतो. जीभ आणि श्वसनमार्ग यांतील ओलावा वाफ होऊन जाताना उष्णता सोबत घेऊन जातो. हवा दमट असली की ही वाफ नीट होत नाही, म्हणून ढगाळ, कुंद आणि वारा पडलेल्या दिवशीही उष्माघात होऊ शकतो. थर्मामीटरचा आकडा कमी दिसला म्हणून निर्धास्त राहू नये.

सुरुवातीची लक्षणे सहज नजरेतून सुटतात. कुत्रा सावली दिसली की तिच्याकडे ओढ घेतो, चालीचा वेग मंदावतो, जीभ रुंद होऊन टोकाशी पसरट दिसते, धाप विश्रांतीनंतरही ओसरत नाही. पुढे लाळ घट्ट आणि चिकट होते, हिरड्या गडद लाल दिसतात, पावले अडखळतात, उलटी किंवा जुलाब होतात. शरीराचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांना इजा होऊ लागते.

अशा वेळी आधी थंड करणे आणि मग दवाखान्यात नेणे, हाच क्रम ठेवावा. कुत्र्याला सावलीत घ्यावे, अंगावर मिळेल ते थंड पाणी सतत ओतावे आणि ते केसांच्या मुळांपर्यंत पोहोचेल असे हाताने चोळावे. पोट, काखा व जांघा विसरू नयेत. त्याच वेळी वारा घालत राहावे. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवणे बरे वाटते खरे, पण तो लवकरच गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. टॉवेल हवाच असेल तर कुत्र्याच्या अंगाखाली अंथरावा. शुद्धीवर असल्यास थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे, तोंडात बळजबरीने ओतू नये. तापमान ३९.५ अंशांच्या आसपास आले की थंड करणे थांबवावे. कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरी पशुवैद्यांकडे जाणे टाळू नये, कारण अवयवांची हानी एकदोन दिवसांनंतरही उघड होऊ शकते.

पंजांची काळजी कशी घ्यावी?

तळव्यांच्या गाद्या जाड असल्या तरी त्या भाजतात, सोलवटतात आणि फाटतात. डांबरी रस्ता किंवा खडक उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला चटका सहन झाला नाही, तर कुत्र्यालाही त्यावर चालवू नये. बूट उपयुक्त असतात, मात्र ते भटकंतीच्या दिवशी पहिल्यांदा चढवले तर कुत्रा पाय झटकत उभा राहील, म्हणून घरातच काही दिवस आधीपासून सवय करावी. बर्फातून चालताना बोटांमधल्या केसांत गोळे जमतात. तिथले केस आधीच कापलेले बरे.

किती पाणी न्यावे आणि वाटेतले पाणी पाजावे का?

विश्रांतीच्या दिवशी कुत्र्याला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला एक ते सव्वा लिटर. चढण आणि ऊन असेल तर ही गरज दुपटीच्याही पुढे जाते. घडीचे भांडे सोबत ठेवून दर अर्ध्या तासाला थोडे थोडे पाणी द्यावे, एकदम पोटभर नको.

वाहते, स्वच्छ पाणी साचलेल्या पाण्यापेक्षा बरे, पण तेही पूर्णपणे निर्धोक नसते. प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसालाही होऊ शकतो. जिआर्डियाचे परजीवी जुलाब घडवतात. सर्वाधिक सावध राहावे ते हिरवा किंवा निळसर रंग ओतल्यासारखा तवंग आलेल्या तळ्यापाशी. तो तवंग नीलहरित जिवाणूंचा असू शकतो, त्यातले विष यकृतावर वा मज्जासंस्थेवर काही तासांत, कधी त्याहूनही लवकर घात करते आणि त्यावर विशिष्ट उतारा नाही. तिथे कुत्र्याला पिऊ तर देऊ नयेच, पोहूही देऊ नये, कारण बाहेर आल्यावर तो अंग चाटतो. समुद्रकिनारी खारे पाणी फार गिळले गेल्यास आधी उलट्या व जुलाब होतात आणि पुढे झटकेही येऊ शकतात.

खाणे केव्हा आणि कोणते द्यावे?

पोटभर जेवण घालून लगेच चालायला लावू नये. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड यांसारख्या खोल छातीच्या जातींत जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो. पोट टणक फुगलेले, कुत्रा अस्वस्थ, ओकारीचा जोर पण बाहेर काहीच येत नाही, अशी अवस्था दिसली तर शस्त्रक्रियेखेरीज उपाय नसतो आणि प्रत्येक तास मोलाचा असतो. मुख्य जेवण चालीच्या काही तास आधी वा मुक्कामी पोहोचून विश्रांती झाल्यावर द्यावे. मधल्या वेळी रोजच्या खाद्यातलेच थोडेसे पुरते.

आपल्या स्वतःच्या खाऊच्या पिशवीकडे मात्र संशयाने पाहावे. मनुका, चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली च्युइंगम व गोळ्या या भटक्यांच्या आवडत्या वस्तू कुत्र्याला विषारी आहेत. कांदा आणि लसूण असलेले उरलेले जेवणही देऊ नये.

कुत्र्याला मोकळे सोडावे का?

माझे मत स्पष्ट आहे: अनोळखी वाटेवर सोडू नये. घराच्या अंगणात हाकेसरशी येणारा कुत्रा समोरून ससा उसळला की येईलच, याची खात्री देता येत नाही, आणि कड्याच्या काठावर किंवा रस्त्याजवळ ती खात्री तपासून पाहण्याची संधी एकदाच मिळते. कुत्र्याला मोकळेपणा हवा असतो हे मान्य आहे. त्यासाठी दहा मीटरची लांब दोरी वापरता येते. ती नेहमी छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजाला, म्हणजे हार्नेसलाच अडकवावी, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही, कारण धावत्या कुत्र्याला दोरीच्या टोकाशी बसणारा हिसका मानेला जायबंदी करू शकतो.

दुसरा मुद्दा वन्यजीवांचा. जमिनीवर घरटी करणारे पक्षी कुत्र्याच्या नुसत्या वासाने वा वावरानेही अंडी सोडून उठतात, आणि चरणारी गुरे-मेंढरे बिथरून पळतात. त्याहून गंभीर गोष्ट रोगांची आहे. १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटीत कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाच्या साथीने सुमारे एक हजार, म्हणजे तिथले जवळपास एक तृतीयांश सिंह मेले. हा विषाणू परिसरातील पाळीव कुत्र्यांमधून पसरल्याचे मानले जाते. आपल्या कुत्र्याची लस म्हणजे केवळ त्याचे संरक्षण नव्हे, हे यातून ध्यानात यावे. त्याच वर्षी अंटार्क्टिकातून शेवटचे स्लेज ओढणारे कुत्रेही बाहेर काढण्यात आले, कारण पर्यावरणविषयक कराराने १ एप्रिल १९९४ नंतर तिथे कुत्र्यांना मज्जाव केला आणि त्यामागील एक कारण सीलना रोगाची लागण होण्याची भीती हे होते. अनेक संरक्षित जंगलांत कुत्र्यांना बंदी असते ती याच कारणांनी. अशा ठिकाणी 'माझा कुत्रा कोणाला काही करत नाही' हा युक्तिवाद गैरलागू ठरतो.

वाटेवर दुसरी माणसे समोर आली तर दोरी आखडून, बाजूला सरकून त्यांना वाट द्यावी. कुत्र्याची भीती वाटणाऱ्याने भीतीचे कारण सांगत बसावे, अशी अपेक्षा करू नये.

गळ्यातला पट्टा चांगला की हार्नेस?

ओळखपत्रासाठी पट्टा, चालण्यासाठी हार्नेस. छातीवर इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा आणि खांद्यांची हालचाल मोकळी ठेवणारा हार्नेस निवडावा; पाठीवर मूठ असेल तर अवघड दगडांवरून कुत्र्याला आधार देणे सोपे जाते. दिवसाच्या शेवटी काखेत घासून कातडी लाल झाली आहे का, ते पाहावे.

मोटारीच्या प्रवासात कोणती काळजी घ्यावी?

कुत्र्याला मागच्या आसनावर सुरक्षापट्ट्याला जोडलेल्या हार्नेसने किंवा घट्ट बसवलेल्या पिंजऱ्यात ठेवावे. मांडीवर बसलेला कुत्रा धडकेच्या क्षणी फेकला जातो आणि खिडकीबाहेर डोके काढणाऱ्याच्या डोळ्यांत खडे जातात. साधारण दर दोन तासांनी थांबून त्याला पाणी द्यावे व पाय मोकळे करू द्यावेत. गाडी लागणे पिल्लांत जास्त आढळते. निघण्यापूर्वी काही तास पोट रिकामे ठेवल्याने बराच फरक पडतो. तरीही त्रास झाल्यास पशुवैद्य त्यासाठीचे औषध देऊ शकतात.

बंद गाडीत कुत्र्याला 'पाच मिनिटांसाठी'सुद्धा सोडू नये. बाहेर २४ अंश सेल्सिअस असताना उन्हात उभ्या गाडीतील तापमान दहा मिनिटांत सुमारे ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंशांच्या जवळ पोहोचते. काचा बोटभर खाली ठेवल्याने या आकड्यांत फारसा फरक पडत नाही.

विमानाने नेता येते का?

नेता येते, पण प्रत्येक विमान कंपनीचे नियम वेगळे असतात. लहान कुत्र्यांना काही कंपन्या आसनाखालच्या पिशवीत सोबत येऊ देतात. मोठ्यांना मालकक्षात जावे लागते. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार पिंजरा इतका मोठा हवा की कुत्र्याला त्यात सहजपणे उभे राहता, वळता आणि आडवे होता यावे. चपट्या नाकाच्या जातींना अनेक कंपन्या मालकक्षात घेतच नाहीत. गुंगीचे औषध देण्याचा मोह आवरावा. त्याने रक्तदाब, श्वसन आणि तोल बिघडू शकतो. त्यापेक्षा प्रवासाच्या कित्येक आठवडे आधीपासून पिंजरा घरात उघडा ठेवून त्यातच जेवू-झोपू द्यावे. पिंजरा ओळखीचा झालेला असणे, हेच सर्वांत गुणकारी औषध.

दुसऱ्या देशात न्यायचे असल्यास कोणती कागदपत्रे लागतात?

सर्वसाधारणपणे मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली, ओळख क्रमांक असलेली बारीक चिप), रेबीजची लस आणि अधिकृत आरोग्य प्रमाणपत्र. इथे क्रम चुकला की सगळेच मुसळ केरात जाते: चिप आधी, लस नंतर. आंतरराष्ट्रीय मानकाची चिप १५ अंकी असते आणि चिप बसवण्यापूर्वी टोचलेली लस युरोपीय संघात ग्राह्य धरली जात नाही. तिथे पहिली लस किमान १२ आठवड्यांच्या वयात आणि त्यानंतर २१ दिवसांची प्रतीक्षा, असा नियम आहे. काही देशांतून येणाऱ्या कुत्र्यांच्या रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असल्याचा अहवालही लागतो. ब्रिटनमध्ये प्रवेश करताना, काही मोजके देश वगळता, २४ ते १२० तास आधी फीतकृमीवरचे औषध दिल्याची नोंद दाखवावी लागते. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांहून लहान कुत्र्यांना प्रवेश बंद केला आहे, तर ऑस्ट्रेलियात बहुतेक देशांतून येणाऱ्या कुत्र्यांना विलगीकरण चुकत नाही. हे नियम बदलत असतात, त्यामुळे संबंधित सरकारच्या संकेतस्थळावरची ताजी माहिती पाहून निदान सहा-सात महिने आधी तयारी सुरू करावी. परतीच्या प्रवासाचे नियमही त्याच वेळी वाचावेत. बरेच जण ते विसरतात.

गोचीड चिकटली तर कशी काढावी?

बारीक टोकाच्या चिमट्याने, कातडीच्या अगदी लगत तोंडापाशी पकडून, हिसका न देता सरळ वर ओढावी. पोट चिमटू नये. तेल, रॉकेल किंवा जळती काडी लावण्याचे घरगुती उपाय टाळावेत, कारण चवताळलेली गोचीड आपली लाळ रक्तात सोडते. गोचिडी नेहमी कानांच्या घड्यांत, पापण्यांवर, काखांत, जांघांत, पट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यांत लपलेल्या सापडतात. लाइम रोगाचे जिवाणू शिरायला सहसा २४ ते ४८ तास लागतात, म्हणून त्याच संध्याकाळी केलेली तपासणी वाया जात नाही.

आणि कुसळे?

कुसळाकडे दुर्लक्ष होते, ते होऊ नये. वाळलेल्या गवताच्या कुसळाला एकाच दिशेने वळलेले काटे असतात; ते पुढेच सरकते, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यातून आत गेलेले कुसळ कातडीखालून वर चढते आणि गळू धरते. नाकात गेल्यास कुत्रा एकाएकी शिंकांचा सपाटा लावतो, कानात गेल्यास डोके एका बाजूला कलते ठेवून झटकत राहतो. कानातले वा नाकातले कुसळ घरी काढण्याचा प्रयत्न करू नये.

साप चावल्यास काय करावे?

कुत्रा नाकाने शोध घेतो, म्हणून दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. जखम कापू नये, चोखू नये, बर्फ लावू नये, आवळपट्टी बांधू नये. तोंडावर दंश असेल तर सूज वाढण्याआधी पट्टा व हार्नेस काढावा. कुत्र्याला चालवू नये. उचलून नेऊन, प्रतिविष उपलब्ध असलेल्या दवाखान्याला आधी फोन करून गाठावे. साप मारून सोबत नेण्याचा खटाटोप करू नये.

प्रथमोपचाराच्या पेटीत काय असावे?

जखम धुण्यासाठी सलाइन, निर्जंतुक पट्ट्या, स्वतःलाच चिकटणारे बँडेज, चिमटा, बोथट टोकाची कात्री, थर्मामीटर, फटकन पेटणारा टॉर्च आणि मऊ मुसके. मुसके पाहून अनेकांना वाईट वाटते. पण वेदनेने कळवळणारा अतिशय प्रेमळ कुत्राही चावतो. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल, तर मात्र ते बांधू नये.

माणसांची वेदनाशामके पेटीत असली तरी ती आपल्यासाठीच. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना, तर पॅरासिटामॉलने यकृताला गंभीर इजा होऊ शकते. एक छोटी चाचणी शिकून ठेवावी: हिरडी बोटाने दाबून सोडली की पांढरा झालेला डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा, तसे न झाल्यास रक्ताभिसरण मंदावलेले असते. वजनदार कुत्रा लंगडू लागला तर त्याला खाली कसे आणायचे, याचाही विचार निघण्यापूर्वी करावा. मोठ्या कुत्र्याला पाठीवर उचलण्याची झोळी मिळते, आणि एकट्याने चाळीस किलोच्या कुत्र्यासह दुर्गम ठिकाणी जाऊ नये, असे मला वाटते.

तंबूत मुक्काम करता येईल का?

येईल. जमिनीचा गारवा लहान केसांच्या कुत्र्याला लवकर बाधतो, म्हणून त्याच्यासाठीही जाड अंथरूण हवे. रात्री बाहेर बांधून ठेवू नये. वन्य प्राणी, गोंगाट आणि तुटलेली दोरी ही तिन्ही कारणे पुरेशी आहेत. अंधारात गळ्यात छोटा दिवा असावा.

विष्ठेचे काय करावे?

पिशवीत भरून परत आणावी. कुत्र्याची विष्ठा म्हणजे रानातले खत, हा समज चुकीचा आहे. तिच्यातून जंतांची अंडी आणि जिवाणू मातीत व पाण्यात मिसळतात. अगदीच दुर्गम ठिकाणी, जिथे परवानगी असेल तिथे, पाण्यापासून निदान ६० मीटर दूर वीतभर खोल खड्ड्यात पुरावी. पिशवी बांधून वाटेच्या कडेला 'येताना उचलू' म्हणून ठेवणे मात्र सर्वांत वाईट.

कुत्री माजावर असताना नेता येते का?

नेऊ नये.

कुत्रा हरवला तर?

जिथे शेवटचा दिसला तिथेच थांबून शांत आवाजात हाका माराव्यात, कारण बरेच कुत्रे आपल्याच वासाच्या मागावर परत येतात. पाठलाग केल्यास घाबरलेला कुत्रा अधिक दूर पळतो. तिथून हलणे भाग पडले तर आपला वापरलेला कपडा आणि पाणी ठेवून जावे आणि जवळच्या वस्त्यांत व दवाखान्यांत कळवावे. मायक्रोचिप ठिकाण दाखवत नाही. ती केवळ ओळख पटवते, आणि तीही नोंदणीतला दूरध्वनी क्रमांक चालू असला तरच. उपग्रहावर चालणारा ट्रॅकर उपयुक्त असला तरी ठिकाण कळवण्यासाठी बहुतेक उपकरणांना मोबाइलचे जाळे लागते, जे दऱ्याखोऱ्यांत हमखास दगा देते.

परत आल्यावर काय तपासावे?

नाकापासून शेपटीपर्यंत बोटे केसांत घालून, उलट दिशेने फिरवत सावकाश चाचपावे. प्रत्येक बोटाची बेचकी उघडून पाहावी, कानांचा वास घ्यावा, डोळे लाल आहेत का ते बघावे आणि अंग ओले असेल तर पूर्ण कोरडे करावे. गार पाण्यात खूप पोहलेल्या कुत्र्याची शेपटी दुसऱ्या दिवशी लुळी लोंबताना दिसल्यास घाबरून जाऊ नये. स्नायूंवर ताण आल्याने असे होते आणि विश्रांतीने ते बहुधा काही दिवसांत बरे होते, तरी पशुवैद्यांना दाखवून दुखापत नसल्याची खातरजमा करावी.

गोचिडींमुळे होणारे आजार मात्र लगेच दिसत नाहीत. एर्लिकियोसिसची लक्षणे एक ते तीन आठवड्यांनी, तर लाइम रोगाची दोन ते पाच महिन्यांनीही उमटू शकतात. म्हणून ताप, मरगळ, फिकट हिरड्या, नाकातून रक्त किंवा आलटून पालटून वेगवेगळ्या पायांनी लंगडणे यांपैकी काही पुढे कधी आढळले, तर कुत्रा कोणत्या भागात आणि केव्हा फिरून आला होता, हे पशुवैद्यांना त्यांनी न विचारता सांगावे.